रानटी वॉरियर्सचा रौप्यमहोत्सव

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी पावणेसात

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलं. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. आजपासून स्वतःसाठी लिहिणार. संकल्प तीनच. रागावायचं नाही (बीपी १६०). जॉगिंग ट्रॅकवर रोज चार फेऱ्या. आणि २६ जानेवारीचा चषक.

त्या दिवशी मी स्थापन केलेला 'रानटी वॉरियर्स कबड्डी संघ' पंचवीस वर्षांचा होतो. गेली तीन वर्षं फायनलला जाऊन हरलोय. दोनदा पंचांमुळे, एकदा उन्हामुळे. यंदा कारणं नकोत. यंदा नवनाथ फॉर्मात आहे. नवनाथ भोये, मूळ पेठ तालुक्यातला, आदिवासी. अंबडच्या कंपनीत आठ तास मशीनवर उभा राहतो आणि संध्याकाळी चढाईला शिरला की समोरचे सात जण एकमेकांच्या मागे सरकतात. नऊ वर्षांपूर्वी मीच हेरला त्याला.

मिसळीबद्दलही संकल्प करणार होतो, पण आज रविवार.

३ डिसेंबर, मंगळवार

फेऱ्या: एक. थंडी फार. माकडटोपी घातली तर बाजूचं दिसत नाही, नाही घातली तर कान राहत नाहीत.

मैदानाच्या भिंतीवरचा लोगो नव्याने रंगवला. लोगो माझाच आहे. (एलिमेंटरी ड्रॉइंगला बी ग्रेड.) २००० साली साडूंनी न्यू जर्सीहून एक टोपी आणली होती. त्यावर तिकडच्या कुठल्याशा टीमचं चित्र. लालभडक तोंडाचा माणूस, डोक्यात पीस, सगळे दात बाहेर. म्हटलं, वा, हेच आपल्याकडचं करू. तोंड काळं केलं, गळ्यात हाडं घातली, हातात धनुष्य दिलं आणि हातभर जीभ बाहेर काढली. म्हणजे कल्पना त्यांची, पण जीभ पूर्णपणे माझी.

छायाला विचारलं, कसा झालाय? म्हणाली, पंचवीस वर्षांपूर्वी विचारायचं होतंत. आमच्या हिला खेळातलं काही कळत नाही.

८ डिसेंबर, रविवार

नवनाथची आई आली आहे गावाहून, नातवाला बघायला. मैनाबाई. लेकाचा खेळ बघायला मैदानावर आल्या. मी स्वतः उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. बाई खेळ सोडून भिंतीकडेच बघत बसल्या. रंगकाम आवडलं असणार. नंतर नवनाथला जवळ बोलावून हळूच काहीतरी विचारलं त्यांनी.

त्यानंतर नवनाथने सहा चढायांत एक गुण आणला. मी रागावलो नाही. फक्त शिट्टी आपटली.

१० डिसेंबर, मंगळवार

नवनाथने अर्ज दिला. तोंडी बोलायला आला होता, पण क्लबचा नियम आहे, जे काय ते लेखी द्या. तिथेच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिला. इथे उतरवून ठेवतो:

'विषय: संघाचे नाव व चित्र बदलण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवितो की, सदर चित्रात आमच्यासारख्या माणसांची टिंगल केलेली आहे. काढणाऱ्याच्या मनात तसे नसेलही. पण ज्याचे चित्र काढले त्याला कुणी विचारले नाही. माझ्या आईने ते चित्र पाहिले व मला विचारले की, ही माणसे आपल्याला अशी बघतात का? मला उत्तर देता आले नाही. तरी चित्र काढून टाकावे ही नम्र विनंती.'

मसुदा उत्तम. खाडाखोड नाही. खात्यात असता तर टेबल दिलं असतं त्याला.

पण म्हणणं काय? टिंगल! अरे, आदर आहे तो. शूर, काटक, कुणाला न घाबरणारी माणसं म्हणून तर नाव घेतलं. माझ्या घरात दरवर्षी वारली चित्रांचं कॅलेंडर असतं. विचारलं, नऊ वर्षं हाच शर्ट घालून खेळलास, आजच कसं टोचलं? म्हणाला, साहेब, टोचत रोजच होतं, पण घर सोडून आलेला माणूस टीममध्ये जागा मिळाली की गप्प बसतो. मग मोबाइलवर दाखवलं. म्हणे त्या अमेरिकेतल्या टीमने ते चित्र कधीच काढून टाकलं, नावसुद्धा बदललं. मी म्हटलं, त्यांनी परंपरा सोडली म्हणून आपण सोडायची? आम्ही परंपरा जपणारी माणसं.

अर्जावर शेरा मारला: 'पाहिले. कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. संघाची जुनी परंपरा आहे. दप्तरी दाखल.' खाली सही, तारीख. झेरॉक्स त्याला, मूळ प्रत फाइलला. विषय संपला.

११ डिसेंबर, बुधवार

विषय संपलेला नाही. प्रॅक्टिसला सगळे जण शर्ट उलटे घालून आले. लोगो आत, शिलाई बाहेर. फेऱ्या: शून्य. राग: दोनदा, पण दुसरा पहिल्याचाच शिल्लक होता.

१५ डिसेंबर, रविवार

सर्वसाधारण सभा. मागणी पोरांची. मी लोकशाही मानतो म्हणून घेतली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि प्रशिक्षक व्यासपीठावर होते, म्हणजे मी.

सार्थक बोलला पहिल्यांदा. हा आमचा डावा कोपरा, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, काका, नाव बदलू या, लोगो मी फुकट करून देतो. मग कॅप्टन रविराज उठला. म्हणाला, सिन्नरला मागच्या वर्षी समोरच्या टीमने नवनाथकडे बोट दाखवून विचारलं होतं, लोगोसाठी हाच उभा राहिला होता का? सगळे हसले होते. आम्हीपण हसलो होतो, म्हणाला. हे बोलताना रविराज खाली बघत होता.

मला कुणी सांगितलं नव्हतं हे. सांगितलं असतं तर मी सिन्नरवाल्यांविरुद्ध कडक पत्र लिहिलं असतं.

मतदान: बदलाच्या बाजूने अकरा, विरोधात एक. पण सभेची नोटीस पंधरा दिवस आधी निघाली नव्हती, त्यामुळे ठराव नियमबाह्य. तसं जाहीर करून सभा बरखास्त केली. नोटीस काढायचं काम सचिवाचं असतं, असं सार्थक पुटपुटला. ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ही प्रगती आहे.

२२ डिसेंबर, रविवार. दुपारी चार

गेले. अकराच्या अकरा. नवीन संघ नोंदवला, सचिव नवनाथ. मैदानावर मी, शिट्टी आणि चुन्याची पाटी. अर्धा तास थांबलो, म्हटलं उशीर होत असेल.

जाताना नवनाथ घरी आला होता. पाया पडला. म्हणाला, साहेब, चुकलं असेल तर सांगा. मी पेपर वाचत होतो, वाचतच राहिलो. छायाने त्याला पोहे दिले, माझ्या वाटणीचे.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. २०२१ ला मी कोरोनाने आडवा पडलो तेव्हा हाच पोरगा ऑक्सिजनचं सिलेंडर खांद्यावर टाकून तीन जिने चढून आला होता. लिफ्ट बंद होती. वर येऊन म्हणाला, साहेब, दम नका सोडू, अजून चढाई बाकी आहे. बिल्डिंगमधला एकही जण दार उघडत नव्हता तेव्हाची गोष्ट. आणि हा एका चित्रासाठी सोडून गेला मला! चित्र मोठं की माणूस मोठा? विचारायला हवं होतं त्याला.

संध्याकाळी हाच प्रश्न छायाला ऐकवला. म्हणाली, अहो, तो तरी दुसरं काय विचारतोय? बीपी १७०.

२८ डिसेंबर, शनिवार

नवी टीम उभी करतोय. सात माणसं लागतात. नाशिक जिल्ह्यात सात माणसं मिळू नयेत?

एसटीने घोटीला गेलो. तिथे भाताच्या गिरणीत बहिरू नावाचा हमाल आहे, क्विंटलचं पोतं उशीसारखं उचलतो. कबड्डी म्हटल्यावर डोळे चमकले त्याचे. म्हणाला, लय दिवस झाले खेळून, येतो की. मी लगेच शर्ट काढून हातात दिला. त्याने उलगडला, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग शर्टाची चार पदरी नीट घडी घातली आणि परत केला. म्हणाला, ह्ये घालून घरी कसा जाऊ, साहेब? पोरं काय म्हनतील?

शर्ट त्याला लहानच झाला असता.

४ जानेवारी २०२५, शनिवार

देवळाली कॅम्पला जाऊन आलो. फौजी माणसं शिस्तीची, तिथे असले लाड नसतात, असा हिशेब. एक रिटायर्ड सुभेदार भेटले, त्यांची पोरं उत्तम खेळतात असं ऐकलं होतं. लोगो पाहून म्हणाले, माझ्या पलटणीत ह्या लोकांतले जवान होते, त्यांच्यासमोर हे घालून उभं राहायची हिंमत आहे का तुमची? मी म्हटलं, हा विषय वेगळा आहे. ते म्हणाले, बस स्टँड त्या बाजूला आहे.

टीम: एक (मी). गुडघे धरले तर अर्धा.

१० जानेवारी, शुक्रवार

हरामखोर!

(संकल्प मोडला. नोंद घेतली.)

सकाळी दूध आणायला गेलो तर कॉलनीच्या गेटवर आठ फुटी फ्लेक्स. 'खडूस काका कबड्डी संघ, प्रजासत्ताक दिन चषकासाठी सज्ज!' आणि लोगो! माकडटोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, फुगलेले गाल, तोंडात शिट्टी, एका हातात फाइल. आणि शिट्टीच्या बाजूने हातभर जीभ बाहेर. जीभ माझी आहे. म्हणजे मी काढलेली. भिंतीवरून जशीच्या तशी उचलली आहे नालायकाने.

दूधवाला म्हणाला, साहेब, फोटो झकास आलाय. मी म्हटलं, तो मी नाही. तो म्हणाला, बरं. पण हसला.

छायाला गेटपर्यंत नेऊन दाखवलं. तोंडाला पदर लावून उभी होती. खांदे हलत होते. मला वाटलं, वाईट वाटून रडते आहे.

१२ जानेवारी, रविवार

सार्थकच्या दुकानात गेलो. शांतपणे बोलायचं ठरवून गेलो होतो, दाराशी गेल्यावर आठवलं की शांतपणे मला बोलता येत नाही.

तो म्हणतो, काका, टिंगल कसली, आदर आहे तो. अनुभवी, शिस्तीचे, कुणाला न घाबरणारे म्हणून तर नाव घेतलं. आणि हे कुणी एक काका नाहीत, सगळ्या काकांचा सन्मान आहे. मी विचारलं, मला विचारलंत का? म्हणाला, विचारायची पद्धत आहे का आपल्याकडे? मी विचारलं, नवनाथला हे पसंत आहे? तर नवनाथ आठ दिवसांपासून गावी आहे म्हणे, उद्या यायचाय, त्याला अजून दाखवलंच नाही.

घरी येताना तीन पोरं मागून जीभ काढून गेली. भाजीवालीने काका म्हणायच्या आधी जरा थांबून श्वास घेतला. ट्रॅकवर जाणं बंद. माकडटोपी बंद. कान दुखतायत. चेष्टा एकदा सहन करीन, दोनदा करीन. पण बाहेर पडलं की रोज? माणसाने चालायचं कसं?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

लेखी तक्रार करायची ठरवलं. बसलो, पण शब्द सुचेनात. काय लिहू? जीभ लांब आहे? मग खात्याची पद्धत आठवली. नवा मसुदा कधीही डोक्यातून काढायचा नाही. त्याच विषयावरचा जुना कागद समोर ठेवायचा, नावं बदलायची, फेअर करायचा. एकतीस वर्षं असंच केलं, एकही मसुदा परत आला नाही.

फाइल उघडली. त्या विषयावरचा एकच कागद होता. नवनाथचा. वरचा माझा शेरा न वाचता खालचा मजकूर उतरवला. 'आमच्यासारख्या माणसांची टिंगल केलेली आहे.' बरोब्बर. 'ज्याचे चित्र काढले त्याला कुणी विचारले नाही.' अगदी मनातलं. दोन ओळी अधोरेखित केल्या, इतका पटला मजकूर. सहीपर्यंत एका दमात आलो.

स्वतः नेऊन दिला नवनाथच्या खोलीवर. तो कामावरून यायचा होता. मैनाबाई होत्या. मला दारात बघून उठून उभ्या राहिल्या, पाणी दिलं, हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाल्या, आत या साहेब, बसा. मी म्हटलं, घाई आहे. तिथल्या तिथे लाडू तोंडात टाकला. भांडायला गेलो होतो, तोंड भरलेलं राहिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

नवनाथ आला. हातात माझा अर्ज. त्यावर सचिवाचा शेरा. मी चष्मा पुसून वाचला. 'पाहिले' पर्यंत वाचलं आणि पुढचं डोळ्यांसमोर आपोआप उभं राहिलं, कारण ती माझ्याच शेऱ्याची सुरुवात होती. हेतू नाही. परंपरा आहे. दप्तरी दाखल. त्याच्याकडे झेरॉक्स होतीच की.

पण पुढे तसं नव्हतं. 'पाहिले. अर्जदाराचे म्हणणे बरोबर आहे. चित्र आजच काढले. नावही बदलतो.' सही, तारीख १४ जानेवारी. ज्या दिवशी अर्ज दिला तोच दिवस. माझ्या अख्ख्या नोकरीत असा निपटारा झाला नाही.

म्हणाला, फ्लेक्स परवा रात्रीच उतरवला, साहेब. शर्टांवर छापून झालं होतं, त्यावर आईने पांढऱ्या कापडाचे तुकडे शिवले. अकरा शर्ट. सार्थक येईल माफी मागायला.

मी म्हटलं, ठीक आहे, शिस्त पाळलीत. तो जायला उठला, मग दारात थांबला. जरा अडखळत म्हणाला, साहेब, एक विचारू? तुमच्या आईंना जाऊन तर पंधरा वर्षं झाली ना?

मला काही कळेना. तो गेल्यावर अर्ज पुन्हा वाचला. नाव बदललं होतं, विषय बदलला होता. एक ओळ तशीच राहिली होती. 'माझ्या आईने ते चित्र पाहिले व मला विचारले की, ही माणसे आपल्याला अशी बघतात का? मला उत्तर देता आले नाही.' खाली माझी सही.

फेअर करताना अशी चूक माझ्या हातून कधीच झाली नव्हती. छायाला दाखवली. या वेळी ती हसली नाही.

२० जानेवारी, सोमवार

काही लिहायचं नाही. आई डोळ्यांपुढून हलत नाही. आईने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

बीपी बघितला नाही.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी दोन

सकाळी चषक बघायला गेलो. मागच्या रांगेत, खांबाच्या आड. टोपी घातली होती. कुणी हसलं नाही, की मला दिसलं नाही, देव जाणे.

त्यांच्या संघाचं नाव आता कॉलनीचंच, 'श्रमसाफल्य'. छातीवर पांढरा चौकोनी तुकडा, हातशिलाईचा. फायनलला शेवटची चढाई नवनाथची, एक गुण कमी. मी उठून उभा राहिलो. दम नको सोडू, असं ओरडायचं होतं, ते खांबालाच पुटपुटलो. दोन गडी मारून आला. जिंकले. पंच चांगले होते, ऊनही बरं होतं.

पोरांनी नवनाथला खांद्यावर घेतलं. मैनाबाई टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी मला फोटोसाठी पुढे ढकललं. मी म्हटलं, मी दुसऱ्या संघाचा.

संध्याकाळी पाच

रानटी वॉरियर्सची रौप्यमहोत्सवी सभा घेतली, घरीच. उपस्थिती: एक. नोटीस नव्हती, तरी चालवून घेतली. नवनाथचा मूळ अर्ज फाइलमधून काढला, 'दप्तरी दाखल' खोडलं आणि खाली लिहिलं: 'मान्य.' मागची, १० डिसेंबरची तारीख टाकायचा मोह झाला. तेवढी जागाही होती. आजचीच टाकली. नाव आणि चित्र रद्द केल्याचा ठराव एकमताने मंजूर.

मग पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मैदानावर गेलो. छायाने शिडी धरली. पीस गेलं, हाडं गेली, धनुष्य गेलं, काळं तोंड दुसऱ्या हातात गेलं. जीभ मात्र जात नाही. लाल रंग तेव्हा मी मुद्दाम चांगल्या कंपनीचा वापरला होता. दोन हात मारून झाले तरी पांढऱ्यातून वर येते आहे.

अंधार पडायला लागला. छाया म्हणाली, चला आता, उद्या बघू. उद्या तिसरा हात.